सरपणाची बेगमी

नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्याच्या तोंडावर काढून काठावर रचले जाऊ लागले, की बिद्रीकडच्या जुन्या वळणाच्या गृहिणीस एक गोष्ट पक्की उमगत असे : सरपणाच्या बाबतीत जे झाले ते झाले, आणि जे राहून गेले ते आता दसऱ्यापर्यंत होणे नाही. धान्य उणे पडले तर उसनवार करता येते, मीठमिरची संपली तर भर पावसातही पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन दुकानापर्यंत जाता येते. परंतु वाळलेले लाकूड ही चीज आषाढात कितीही दाम मोजले तरी हमखास मिळेल अशी नव्हे, कारण तिच्या किमतीत लाकडाचा वाटा थोडा आणि चैत्र-वैशाखातल्या उन्हाचा फार असतो. पावसाळ्याच्या बेगमीतील लोणची, पापड, सांडगे, कुरडया यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ प्रेमाने लिहिले गेले आहे. ज्या जळणावाचून त्यांतला एकही जिन्नस तळला-भाजला गेला नसता, त्याची बेगमी मात्र परड्यात, गोठ्याच्या आडोशाला, मुकाट्याने चालत असल्यामुळे बहुधा लेखणीच्या वाट्याला आली नाही.

बिद्री हे गाव कागल तालुक्यात, कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुधाळ तिट्ट्याच्या अलीकडे आहे, आणि दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झालेले आहे. या जिल्ह्यातील पर्जन्याची वाटणी मोठी पक्षपाती. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याशी गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही न भरणाऱ्या अंतरावर शिरोळ तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास रेंगाळतो. बिद्री या दोन टोकांच्या दरम्यान, राधानगरी-भुदरगडच्या डोंगराळ टापूच्या पायथ्याशी असल्याने, डोंगरातला पाऊस तिला आकाशातूनही भेटतो आणि नद्यांतूनही. येथे हिम कधी पडले नाही व पडण्याची भीतीही नाही. परंतु पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि त्याच्या पाठोपाठ पुष्याचा म्हातारा पाऊस असे दोघेही एखाद्या वर्षी मनापासून लागले, की आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही, ओढे-नाले रस्त्यावर, बंधारे पाण्याखाली, विजेचा पत्ता नाही, आणि शेजारच्या गावाशी दळणवळण तुटलेले, अशी जी स्थिती होते, ती उत्तरेकडील देशांत हिमवादळात सापडलेल्या घराच्या स्थितीहून तत्त्वतः निराळी नसते. घरात जे आहे त्यावर निभावायचे, आणि आत विस्तव जिवंत ठेवायचा, हेच दोन्हीकडचे मुख्य कलम.

अशा झडीत चुलीकडे केवळ भाकरी भाजण्याचे काम नसे. रोप लावून संध्याकाळी परतलेली माणसे नखशिखान्त भिजलेली असत. त्यांना न्हाणीत ऊन पाणी पाहिजे, त्यांची घोंगडी वलणीवर टाकून चुलीच्या धगीवर सुकवली पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच ओली घोंगडी पांघरून पुन्हा चिखलात उभे राहण्याची पाळी. तान्ह्या मुलाची दुपटी पावसाळ्यात उन्हाने वाळत नाहीत, विस्तवानेच वाळतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी अहोरात्र लागते. गोठ्यात माश्या-डासांनी जनावरे हैराण होऊ नयेत म्हणून सांजेला धुरी करावी लागते. मीठ पाझरू नये, काडेपेटी सादळू नये, बियाणाच्या शेंगांना बुरशी चढू नये, यासाठी या सर्व वस्तूंचा मुक्काम चुलीच्या आसपासच हलवावा लागतो. एका घराला चार महिन्यांत किती सरपण लागेल, याचा अंदाज कोठे लिहून ठेवलेला नसे. तो सासूकडून सुनेकडे येई, आणि त्यात घरातील माणसे, दुभती जनावरे, होऊ घातलेले बाळंतपण आणि येणारे पाहुणे या सर्वांची आकारणी झालेली असे. तलाठ्याच्या दफ्तरात नसलेला, तरीही बहुधा त्याहून काटेकोर असा तो हिशेब होता.

बेगमीचा आरंभ होई तो सुगी उरकल्यावर, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास, आणि तोही लाकडाने नव्हे तर शेणींनी. देशावर अन्यत्र जिला गोवरी म्हणतात ती आमच्याकडची शेणी. पावसाळ्यातले शेण उकिरड्यात जाते, कारण ते वाळवणे शक्य नसते. उन्हाळ्यातले शेण मात्र पिंजर किंवा बारीक भुसा कालवून, मळून, परड्यातल्या मोकळ्या जागेत थापले जाते. थापलेली शेणी एका अंगाने सुकली की उलटायची, मग दोन-दोन, तीन-तीन एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या म्हणजे वारा मधून खेळतो, आणि पुरत्या खणखणीत वाळल्यावरच त्यांचा हुडवा रचायचा. हुडवा रचणे हे काम पाहताना सोपे वाटते, पण ते सर्वांना साधत नाही. तळाशी दगड, फांद्या किंवा जुनी लाकडे घालून जमिनीची ओल तोडावी लागते. शेण्या आतल्या बाजूस किंचित कलत्या ठेवीत वर्तुळ हळूहळू निमुळते करीत न्यावे लागते. आणि शेवटी बाहेरून शेणकाल्याचा जाड हात फिरवून वर पिंजराची किंवा पाचटाची शाकारणी करावी लागते. असा लिंपलेला हुडवा भर पावसात उघड्यावर राहूनही आतून कोरडा निघतो. मात्र तो फोडायचा वाऱ्या-पावसाच्या विरुद्ध अंगाने, खालच्या बाजूने, हात जाईल एवढेच भोक पाडून. वरून शाकारणी उचकटून शेणी काढणारी सून त्या घरात फार दिवस बोलणी खाल्ल्याशिवाय राहत नसे.

शेणीची ज्वाला लाकडाइतकी प्रखर नसते, पण ती धुमसत, संथपणे, तासन्‌तास जळते, हा तिचा गुण. दूध तापत ठेवावे, कडधान्य शिजत ठेवावे, आणि रात्री निजण्यापूर्वी निखाऱ्यावर एक शेणी ठेवून वर राख सारावी, म्हणजे पहाटे फुंकर मारताच विस्तव हजर. काडेपेटी महाग होती आणि पावसाळ्यात सादळत होती त्या काळात हा झाकलेला विस्तव ही घराची दौलत होती. ज्या घरचा विझला, त्या घरची पोर शेजारणीकडे खापरात निखारा मागायला जाई. कोल्हापूर शहरात तर शेणीला आणखी एक प्रतिष्ठा लाभली आहे. पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत दहनासाठी शेणी वापरतात, आणि होळीच्या सुमारास होळी लहान करून उरलेल्या शेणी तेथे दान देण्याचा परिपाठ लोकांनी स्वतःहून पाळला आहे. मरणालाही कोरड्या जळणाची बेगमी लागते, हा विचार शहराने असा व्यवहारात उतरवला.

लाकडाची कथा याहून गुंतागुंतीची. बांधावरची बाभूळ हे या मुलखातले सरपणाचे पहिल्या प्रतीचे झाड. तिचे लाकूड जड, तिचा निखारा टिकाऊ. चिंच, बोर, ऐन, खैर हीही त्याच पंक्तीतली. शेवगा, पांगारा, सावर यांचे लाकूड हलके, भसाभस पेटून राख होणारे. त्याने वेळ मारून नेता येते, भाकरीचा तवा तापत नाही. वड, पिंपळ, उंबर यांना कुऱ्हाड लावायची नाही, हा संकेत. याखेरीज तुराट्या, पाचट, करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या हे चूल पेटवण्याचे हलके साहित्य, आणि ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी डोंगरातून आलेली मोळी किंवा वखारीतले वजनावर मिळणारे लाकूड. आणलेले लाकूड तसेच रचून ठेवणे हा अडाणीपणा समजला जाई. ते हातभर लांबीचे तोडून, पाचर ठोकून उभे चिरावे लागते, कारण लाकडातले पाणी सालीतून फारसे बाहेर पडत नाही. ते तंतूंच्या दिशेने, कापलेल्या तोंडांतून आणि चिरलेल्या अंगांतून निघून जाते. मांडीएवढा जाड ओंडका सालीसकट दोन उन्हाळे पडून राहिला तरी त्याचा गाभा ओला निघू शकतो. तोच चौघड चिरला तर एका उन्हाळ्यात जळण्यालायक होतो.

आता या ओलाव्याचा हिशेब थोडा विस्ताराने मांडणे इष्ट, कारण सरपणाची सारी विद्या त्यात सामावलेली आहे. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात अनेकदा निम्मे पाणी असते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. परंतु निम्मे पाणी असलेल्या एका किलोत मुळात लाकूडच अर्धा किलो, म्हणजे उष्णता निम्मीच, आणि त्यातल्याही तीनशेच्या आसपास किलोकॅलरी त्या अर्ध्या लिटर पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतात. ही तूट एकवेळ सोसता येईल. खरे नुकसान असे, की वाफेमुळे ज्वालेचे तापमान उतरते, लाकडातून निघालेले ज्वालाग्राही वायू पुरते न जळताच धूर होऊन बाहेर पडतात, आणि गृहिणीच्या वाट्याला ऊब येण्याऐवजी डोळ्यांची आग येते. लाकूड हवेशी सतत देवघेव करीत असते. एप्रिलच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली गेलेली असताना चिरलेले लाकूड पाच-सहा टक्के ओलाव्यापर्यंत सुकू पाहते. जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकली, की तेच लाकूड, पावसाचा एक थेंबही न लागता, केवळ हवेतून पाणी ओढून वीस टक्क्यांच्या घरात जाते. चांगले जळण्याची मर्यादाही साधारण वीस टक्के हीच. म्हणजे जे लाकूड मृगापूर्वी खणखणीत वाळलेले नसेल ते आषाढात निश्चित हरणार, आणि जे वाळलेले असेल तेही राखले नाही तर काठावर येणार.

बिद्रीच्या परिसरात हा भेद समजावून घेण्यास दोन शेजारी उदाहरणे पुरेशी आहेत. साखर कारखान्यात उसाचा रस काढल्यावर जो भुसा उरतो त्याच्या वजनात सुमारे निम्मे पाणी असते, तरी तो तसाच बाष्पकात जाळला जातो आणि त्यावर कारखाना चालून वीजही निर्माण होते. कारण तेथील भट्टी प्रचंड, तिला पंख्यांनी हवा पुरवलेली, आणि आतील तापमान असे, की ओला भुसा पडता-पडताच सुकून पेट घेतो. त्याच उसाची चिपाडे गुऱ्हाळावर मात्र चरकातून निघाल्यावर उन्हात पसरावी लागतात, आणि ती कडकडीत झाल्यावरच चुलवाणाच्या तोंडी जातात. घरची चूल तर चुलवाणाच्या पासंगालाही न पुरणारी. यंत्राला जे पचते ते तीन दगडांच्या चुलीला पचत नाही, म्हणून तिला उन्हाची उसनवारी करावी लागते.

या उसनवारीतला बेइमान सावकार म्हणजे वळीव. रोहिणीच्या आधीपासूनच, एखाद्या उकाड्याच्या दुपारी, ढग चढतात, वावटळ उठते, आणि अर्ध्या घटकेत महिनाभर वाळत घातलेल्या सरपणाचा भिजून चिखल. म्हणून जाणत्या घरात वळवाच्या पहिल्या गडगडाटाबरोबर सगळी कामे टाकून माणसे परड्याकडे धावत, आणि म्हणूनच अर्धे सरपण वैशाख सरण्यापूर्वी वळचणीखाली गेलेले असे. वळचणीखालची रास भिंतीला अगदी चिकटवायची नाही. मध्ये वितभर जागा सोडायची, म्हणजे वारा फिरतो आणि भिंतीची ओल लाकडात उतरत नाही. बाहेरच्या अंगास पाचटाच्या तट्ट्या बांधायच्या, कारण झडीचा पाऊस वरून न येता आडवा येतो. कौले परतून घ्यायची, फुटकी बदलायची, कारण छपराची एक गळती राशीच्या नेमकी वर असली तर सारी मेहनत पाण्यात.

सर्वांत उत्तम सरपणाची जागा मात्र चुलीच्या वरचा माळा. खालच्या धगीने आणि धुराने तेथील हवा घरातल्या कोणत्याही कोपऱ्याहून कोरडी राहते; लाकूड धुरकटून काळे पडते, पण किडत नाही आणि सादळत नाही. हा माळा म्हणजे राखीव खजिना, आणि त्याचा खर्च मनमानी होत नसे. रोजचा परिपाठ असा, की बाहेरच्या राशीतले उद्याचे सरपण आजच आत आणून चुलीच्या कडेला मांडायचे. आज जळणाऱ्या लाकडाच्या उबेने उद्याचे सुकते, उद्याच्याने परवाचे. झड फारच लांबली, तरच माळ्याला हात. "आगं, माळ्यावरचं आत्ताच काढू नगंस, म्हाताऱ्या पावसाला लागंल," एवढे सासूने म्हटले, की सुनेला पंचांगही कळे आणि हुकूमही.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. लाकडाची रास आणि शेणींचा हुडवा हे विंचू, घोणस, मण्यार यांचे पावसाळ्यातले आवडते वसतिस्थान. बिळांत पाणी शिरले, की ही मंडळी कोरड्या जागेच्या शोधात निघतात, आणि गावात सर्वांत कोरडी जागा आपणच कष्टाने रचून ठेवलेली असते. अंधारात चाचपडत हात घालू नये, आधी काठीने राशीला ठोकावे, बॅटरीचा झोत टाकावा, आणि सरपण काढण्याचे काम दिवसाउजेडी उरकावे. सर्पदंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठावा, हे आज नव्याने सांगण्याची गरज पडू नये; तरी पडते.

पावसाळी बेगमीवरील मराठीतील सर्वांत मार्मिक मजकूर माझ्या मते कोणा गृहिणीने किंवा शेतकऱ्याने लिहिलेला नसून तो एका राजाच्या पत्रात आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्करातील अंमलदारांना जे पत्र पाठविले, त्यात पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा-वैरणीचा साठा आताच बेसुमार खर्चाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, अशी समज दिलेली आहे. आणि मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, सरपण उचलून आणतील व रयत परागंदा होईल, असा पुढचा अनर्थही त्यात स्पष्ट दाखविलेला आहे. कुणब्याच्या परड्यातले सरपण ही राज्यकर्त्याने दखल घेण्याची बाब आहे, हे ज्या राज्यकर्त्यास कळले त्याची योग्यता निराळी सांगावयास नको. त्याच पत्रात आगीविषयी जी खबरदारी सुचविली आहे ती तर आजच्या कोणत्याही अग्निशमन खात्याने भिंतीवर लावावी अशी : गवताच्या गंजीजवळ भलत्या जागी चुली पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, वारा सुटला आहे याचे भान ठेवा, रात्री दिवे विझवा, नाहीतर एखादा उंदीर जळती वात घेऊन जाईल आणि सारी छावणी खाक होईल. उंदराच्या वातीपर्यंत पोहोचलेली ही दृष्टी पाहिली, की कोरडे जळण साठविणे म्हणजेच आगीचे निमित्त साठविणे, हे सत्य मनावर ठसते. हुडवा घरापासून आणि गोठ्यापासून अंतरावर रचण्याची आपल्याकडची चाल याच भीतीतून आलेली आहे.

दुसरा आधार कोल्हापूरच्या आणखी जवळचा. बावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती त्या रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्र ही राजनीती अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. किल्ल्यावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे वृक्ष लावून जतन करावेत, प्रसंग पडला तर लाकूड तरी उपयोगी येईल, असा दूरवरचा विचार तीत आहे. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना धन्याच्या राजीखुशीवाचून व मोबदल्यावाचून हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशी मर्यादाही तीत घातली आहे. आज या मर्यादेची जागा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने घेतली आहे, आणि राधानगरीच्या अभयारण्यातून सरपण आणणे हा तर सरळ गुन्हा. तो निर्बंध योग्यच आहे. डोंगर उघडे पडल्यावर खालच्या गावांना येणारे पाणी अधिक वेगाने येते, हे नदीकाठच्या माणसास वेगळे समजवावे लागत नाही. बांधावरच्या बाभळीच्या वठलेल्या आणि छाटलेल्या फांद्या, शेतातली धसकटे आणि गोठ्यातले शेण एवढ्यावर एका कुटुंबाचे अडीअडचणीचे जळण निभावू शकते.

हिमाच्या प्रदेशातही मूळ नियम तेच आहेत, फरक प्रमाणाचा. अमेरिकेच्या ईशान्य भागात लाकडावर घर उबदार ठेवणारी कुटुंबे सरपण कॉर्ड या मापाने मोजतात; चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी ती रास, म्हणजे १२८ घनफूट; आणि तीही एक-दोन उन्हाळे वाळवलेली. फेब्रुवारी १९७८ मधील वादळात बॉस्टन शहरावर २७ इंच बर्फ पडले, भोवतालच्या महामार्गावर हजारो मोटारी गाडल्या गेल्या, आणि पुढे कित्येक दिवस सरकारला खासगी वाहने रस्त्यावर आणण्यास मनाई करावी लागली. अशा वेळी परसातली रास कितीही मोठी असली तरी तिच्यापर्यंत कमरेएवढ्या हिमातून जाणार कोण, हा प्रश्न उरतो. म्हणून तेथेही वादळाची सूचना मिळताच दोन-तीन दिवसांचे सरपण घरात किंवा दाराशी आणून ठेवतात, धुराड्याची काजळी वादळाच्या कितीतरी आधी खरवडून घेतात, कारण ती धुराड्यातच पेटली तर घर जाते, आणि राख धातूच्या डब्यात भरून घरापासून दूर ठेवतात, कारण राखेतला निखारा दिवसभरानंतरही जागा असतो. आपल्या देशातील काश्मिरात डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवसांचा चिल्ला-ए-कलान हा कडक थंडीचा काळ मानतात. त्यासाठी कोळसा, लाकूड आणि उन्हाळ्यात वाळवलेल्या भाज्या यांची जी जमवाजमव तेथे होते, ती आपल्याकडच्या गृहिणीस अगदी ओळखीची वाटेल.

आणि धोकाही दोन्हीकडे तोच. झड आत येते म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून खोलीत शेगडी पेटती ठेवणे ही जुनी सवय प्राणघातक ठरू शकते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्रथम डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपेत असलेल्यास जाग येत नाही. ज्या शेगडीत धूर दिसत नाही ती निर्धोक, हा समज तर अगदी उलटा. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी बाहेरच रसरशीत पेटवून मग आत आणावी, खोली उबदार झाली की ती उचलून न्यावी, आणि निजताना कोणत्याही खोलीत विस्तव ठेवू नये. जुन्या घरांना कौलांच्या फटी असत, त्यांतून हा वायू निसटून जाई. सिमेंटच्या स्लॅबखाली तशी पळवाट नाही, आणि म्हणून आजी जे करीत होती ते नातीने जसेच्या तसे करणे धोक्याचे आहे.

चुलीची थोरवी गाण्याचा माझा मुळीच इरादा नाही. तिच्या धुराने कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे खाल्ली, आणि १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली गरीब घरांतही गॅसची जोडणी पोहोचू लागली, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह. गोबरगॅसचे संयंत्रही कोल्हापूर जिल्ह्यातील गोठ्यांना अपरिचित नाही, जरी त्यातले जिवाणू पावसाळ्याच्या थंडाव्यात सुस्तावतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी वायू कमी देतात. अडचण एवढीच, की सिलिंडर रस्त्याने येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, जेथे धोक्याची पातळी ४३ फूट धरली जाते. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद राहिला, वीजकेंद्रे बुडाली, कोल्हापुरात नळाला पाणी येईना. विजेची शेगडी विजेवाचून निरुपयोगी आणि सिलिंडरची गाडी महामार्गापलीकडे अडकलेली. अशा आठवड्यात, पुराच्या पाण्यापासून उंचावर असलेल्या ज्या घरांत माळ्यावर कोरडे सरपण होते आणि मागीलदारी एखादी चूल अजून मोडलेली नव्हती, त्यांच्याकडे पेज शिजू शकत होती.

म्हणून नदीकाठच्या टापूतील प्रत्येक घराने, गॅस असला तरी, थोडे सरपण बाळगावे असे मला वाटते. चार महिन्यांचे नव्हे. आठ-दहा दिवस दोन वेळचे अन्न शिजेल आणि प्यायचे पाणी उकळून घेता येईल इतके. पुरात पाणी तर चोहोकडे असते, पण न उकळलेले ते पिणे म्हणजे कावीळ आणि हगवण ओढवून घेणे. परड्यातला हुडवा पुरात पहिल्या दिवशीच वाहून जातो, हे ज्यांनी पाहिले आहे ते आपले सरपण माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच ठेवतील. लोखंडी पत्र्याची हलवता येणारी चूल बाजारात मिळते; ती गच्चीवर, आडोशाला, उघड्या हवेत पेटवावी. ढलप्या आणि करवंट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, काडेपेटी तांदळाच्या बरणीत. टायरचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी पेटवणासाठी घालण्याची जी वाईट खोड अलीकडे लागली आहे ती मात्र सोडावी, कारण तो धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी असतो आणि शिजत्या भांड्यावरून फिरतो. हे सारे मे महिन्यात उरकावे; हवामान खात्याने लाल इशारा दिल्यावर सरपण शोधायला निघालेल्यास ओल्या फांद्यांखेरीज काही मिळणार नाही.

घटस्थापनेच्या आधी घराची झाडलोट निघते तेव्हा माळाही रिकामा करण्याची पद्धत आहे. त्या वेळी जे लाकूड शिल्लक निघते ते पुन्हा बाहेरच्या राशीत टाकू नये. अश्विनाच्या उन्हात दोन दिवस पसरून, वाळवी लागलेले तुकडे वेगळे काढून, ते परत वर चढवावे. दोन उन्हाळे पाहिलेले असे लाकूड पुढच्या मृगात ओल्या हवेतही पहिल्या काडीला पेटते, आणि नव्या राशीतले ओलसर सरपण त्याच्या जोडीने जाळता येते.